धनु रास लोलिता कोऑर्डमध्ये (जुळवून केलेल्या पूर्ण पोशाखात) कशी आणायची? (डिसेंबरची चहापार्टी, तोक्यो)

निळीकिनार

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हाराजुकूला लोलितांची, म्हणजे झालरी-लेसचे घेरदार, बाहुलीसारखे पोशाख घालण्याच्या जपानी फॅशनमधल्या मुलींची, चहापार्टी आहे. विषय दिलाय 'सेइझा', म्हणजे ज्याने त्याने आपली रास पोशाखात आणायची. माझी जन्मतारीख ५ डिसेंबर.

हाताशी असलेले कपडे: गडद निळी, बिनछापाची कॉटन ट्विलची जेएसके (जंपर स्कर्ट, ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक), पुढे दोन उभ्या प्रिन्सेस शिवणी, पाठीला शर्रिंग (इलास्टिकच्या चुण्या), लांबी गुडघ्यापर्यंत. हस्तिदंती ब्लाउज, गोल पीटर पॅन कॉलरचा. दोन थरांचा ऑर्गंझा पेटीकोट. तपकिरी बूट, बकल सोनेरी. डोक्यासाठी अजून काहीच नाही.

प्रश्न असे:

१. पाश्चात्त्य पद्धतीने मी धनु, पण पंचांगात ५ डिसेंबरला सूर्य वृश्चिकेत असतो. शिवाय आपल्याकडे 'रास' म्हणजे चंद्राची, ती तिसरीच. कोणती धरू?

२. धनुष्यबाण घेतलेला अर्धा घोडा कपड्यावर आला की स्नेहसंमेलनातलं सोंग वाटतं. रास ओळखू आली पाहिजे, पण आधी लोलिता दिसली पाहिजे.

३. जेएसके क्लोजेट चाइल्ड या जुन्या कपड्यांच्या दुकानातून सेकंडहँड घेतलेली आहे, पुढे विकायचीही आहे. तिच्यावर कायमचं काही शिवायचं नाही. हाताने शिवता येतं, मशीन नाही.

---

कृत्तिका_७

आधी पहिला प्रश्न. पार्टी जपानमध्ये आहे आणि विषय 'सेइझा' आहे, तेव्हा धनुच धरा. जपानी मासिकांतलं राशिभविष्य जन्मतारखेवरून, पाश्चात्त्य पद्धतीने चालतं. समोरची मुलगी 'नानिझा?' (रास कोणती?) म्हणून विचारेल तेव्हा तिला 'इतेझा' (धनु) हे उत्तर अपेक्षित असेल. चंद्ररास सांगायला गेलात तर चहा निवेल तरी खुलासा संपणार नाही.

फरक का पडतो, ते थोडक्यात. पाश्चात्त्य राशी वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून) मोजतात आणि आपल्या राशी ताऱ्यांच्या स्थिर चौकटीत. दोन्हींतलं अंतर, म्हणजे अयनांश, आज साधारण २४ अंश आहे. सूर्य रोज जवळपास एक अंश सरकतो, त्यामुळे तारखा तीनेक आठवड्यांनी पुढे जातात. तिकडे धनु २२ नोव्हेंबरच्या सुमारास लागते, आपल्याकडे १६ डिसेंबरच्या आसपास, धुंधुरमास सुरू होतो तेव्हा. आणि प्रत्यक्ष आकाशात पाहिलं तर ५ डिसेंबरला सूर्य या दोन्हींत नसून भुजंगधारी या तारकासमूहात असतो. पण तो काही कोऑर्डचा विषय होत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे तुमचं नशीब जोरावर आहे. धनु राशीतले ठळक आठ तारे जोडले की अर्धा घोडा दिसतच नाही. दिसते चहाची किटली. तोटी, झाकण, कान, सगळं असलेली. आकाशनिरीक्षक ही राशी शोधतात ती याच आकारावरून. चहापार्टीला जाणाऱ्या लोलितेला याहून चपखल खूण बाराही राशींत मिळणार नाही.

शिवाय ती किटली सरळ उभी नाही, तोटीकडे कललेली आहे, कपात चहा ओतत असल्यासारखी. आणि आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग तोटीच्या टोकालगतच आहे. अंधाऱ्या आकाशात तो तोटीतून निघालेल्या वाफेसारखा दिसतो. म्हणजे आकृती, तिचा कल आणि वाफ हे सगळं आकाशातच तयार आहे. तुम्ही फक्त कापडावर उतरवायचं.

अजून एक गोष्ट. तोटीच्या टोकाच्या ताऱ्याचं अरबी नाव अल्नस्ल, अर्थ बाणाचं टोक. जुन्या चित्रातला धनुर्धर जिथे बाण रोखतो तिथेच किटलीची तोटी येते. एका मण्यात दोन्ही खुणा बसतात. माझं मत विचाराल तर पूर्ण कोऑर्ड याच एका ताऱ्याभोवती बांधा, बाकी काही नको.

---

टाचणी

वरची किटलीची कल्पना उचलून धरते आणि ती करायची कशी ते लिहिते. जेएसकेवर शिवायचं नसेल तर रोझेट करा. मधे ८ सेंमीची मखमली चकती, भोवती चुण्यांची रिबीन, खाली दोन शेपट्या. लोलितामध्ये रोझेट कधीच परकं वाटत नाही, काढता येतं आणि पुढच्या वेळी बॅगेवरही लावता येतं.

*आराखडा.* आलेखकागदावर ६७ मिमी रुंद आणि ४५ मिमी उंच चौकट आखा. खालचा उजवा कोपरा शून्य. पहिला आकडा उजव्या कडेपासून डावीकडे, दुसरा तळापासून वर, दोन्ही मिलिमीटरमध्ये:

तोटीचं टोक ० / २०
तोटी जिथे पोटाला मिळते ती जागा १७ / २३
तळाचा उजवा कोपरा २० / ०
झाकणाचं टोक २४ / ४५
झाकण आणि कान मिळतात ती जागा ४४ / ३७
कानाचा वरचा तारा ५४ / ४०
तळाचा डावा कोपरा ६२ / २३
कानाचा बाहेरचा तारा ६७ / ३४

हे आकडे ताऱ्यांच्या प्रत्यक्ष स्थानांवरून काढलेत, आकाशातला एक अंश म्हणजे कागदावर ५ मिमी. तळ तिरका येतोय म्हणून सरळ करायला जाऊ नका. तो कल खरा आहे.

रेषा अकरा होतात. तोटीचा त्रिकोण तीन रेषांचा: टोक, पोट, तळाचा उजवा कोपरा. झाकणाचा त्रिकोणही तीन रेषांचा: पोटाची जागा, झाकणाचं टोक, कानाची जागा. मग कानाच्या जागेपासून तळाच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत एक आणि तिथून उजव्या कोपऱ्यापर्यंत एक. उरलेल्या तीन रेषांत कान: कानाची जागा, वरचा तारा, बाहेरचा तारा, तळाचा डावा कोपरा.

*कापड.* गडद निळी किंवा काळी मखमल, २० × २० सेंमी. तोक्योतल्या निप्पोरीच्या कापडगल्लीत 'हागिरे' म्हणून उरलेल्या तुकड्यांचे ढीग असतात, त्यात मिळून जाते. चकती आधी कापू नका. १५ सेंमीच्या रिंगमध्ये अख्खा चौकोन ताणून भरतकाम करा, मग ११ सेंमी व्यासाचं वर्तुळ कापा. रिंग मखमलीची लव दाबते आणि तो डाग सहजी जात नाही. १५ ची रिंग घेतली की डाग कापल्या जाणाऱ्या भागात राहतो.

*छाप उतरवणं.* मखमलीवर खडू टिकत नाही आणि कार्बन उमटत नाही. आराखडा पातळ ट्रेसिंग पेपरवर काढा, कागद मखमलीवर धावदोऱ्याने टाचा, कागदासकट शिवा, शेवटी कागद फाडून काढा. फाडताना टाक्यावर बोट दाबून धरायचं, नाहीतर टाके वर उचलले जातात. कोपऱ्यातले बारीक कपटे चिमट्याने काढा.

*रेषा.* सोनेरी जर सुईत ओवून कापडातून आरपार ओढू नका. दहा टाक्यांत तिचं वेष्टण सुटतं आणि आतला दोरा दिसायला लागतो. जरदोजीत करतात तसं करा: जर कापडावर ठेवायची आणि बारीक पिवळ्या दोऱ्याने दर ४ मिमीवर आडवा टाका घालून बसवायची. फक्त टोकं मोठ्या नेढ्याच्या सुईने मागे घ्यायची. रेषा मण्याच्या जागेच्या १ मिमी अलीकडे थांबवा. मण्याखाली जर आली की मणी डुगडुगतो.

*तारे.* सगळे मणी एकाच मापाचे लावले की नक्षत्र मरतं, नुसती भूमिती उरते. आकाशात जसे कमीजास्त ठळक आहेत तसेच ठेवा. तळाचा उजवा कोपरा आणि कानाचा वरचा तारा हे दोन सगळ्यात तेजस्वी, त्यांना ४ मिमी. तळाचा डावा कोपरा, पोटाची जागा आणि झाकणाचं टोक यांना ३ मिमी. उरलेले तीन २ मिमी. रंग पांढरा पारदर्शक, फक्त तोटीचं टोक पिवळं. माप लहानच असू दे, वेगळेपण रंगातून येईल. प्रत्येक मण्यातून दोरा दोनदा काढून मागे गाठ मारा आणि मगच पुढच्या मण्याकडे जा. एका दोऱ्यावर सगळे ओवले तर एक तुटल्यावर सगळे जातात.

*वाफ.* १.५ मिमीचे काचमणी, २५ ते ३०, मियुकी किंवा तोहो या जपानी कंपन्यांचे घ्या म्हणजे भोकं एकसारखी येतात. तोटीच्या टोकाजवळ दाट, वर जाताना विरळ. सरळ वर नेऊ नका, झाकणाच्या दिशेला झुकवा. आकाशगंगा तशीच जाते. इथे जर वापरायची नाही. रेषा आली की वाफ वाटत नाही.

*रोझेट बांधणं.* ८ सेंमीची बकरमची (कडक अस्तराच्या कापडाची) चकती, दुहेरी. मखमलीच्या वर्तुळाच्या कडेला ५ मिमीवर धावदोरा घालून चकतीवर ओढून घ्या. आकृती मध्यापासून ६ मिमी खाली बसवा, म्हणजे वाफेला वर जागा राहते. भोवतीची रिबीन २.५ सेंमी रुंद, लांबी ८० सेंमी. चकतीचा घेर २५ सेंमी आणि चुणीला तिप्पट लागते, वर थोडी जोडाला. रिबीन कडेखाली ५ मिमी सरकवून टाचा, एकूण व्यास १२ सेंमी होतो. शेपट्या १४ आणि ११ सेंमी, सारख्या नकोत. रिबीन पॉलिएस्टरची असेल तर टोकं मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूने एकदाच फिरवा. सुती असेल तर ती वितळत नाही, जळते. तिथे पारदर्शक नेलपेंटचा पातळ हात पुरतो.

मागे फेल्ट. पिन मध्यावर लावू नका, वरच्या एक तृतीयांशात लावा. मध्यावर लावली की मण्यांच्या वजनाने रोझेट पुढे मान टाकतं आणि किटली जमिनीकडे बघते.

जेएसकेला लावताना पिन प्रिन्सेस शिवणीतून घाला, सपाट कापडातून नको. शिवणीत कापडाचे थर जास्त असतात, वजन पेललं जातं आणि भोक दिसत नाही.

---

बकरम_आणि_लेस

रोझेट सुरेख होईल. आता बाकीचा तोल.

डोकं रिकामं ठेवू नका. खाली पेटीकोटने घेर घेतलाय, छातीवर १२ सेंमीचं रोझेट आहे, आणि वर नुसते केस, तर सगळा भार खाली ओघळतो. त्याच मखमलीचा हेडबो, म्हणजे हेअरबँडवरचा मोठा बो करा, तयार माप २४ × ११ सेंमी. त्यासाठी ५० × २४ चा तुकडा उलट बाजूने दुमडून नळी शिवायची, सरळ करायची, आत बकरम सरकवायचं, टोकं मध्यावर आणून टाचायची. गाठीसाठी ९ × ८ चा तुकडा. मखमलीची लव दोन्ही पाकळ्यांत एकाच दिशेला आहे ना ते कापण्याआधी तळहात फिरवून बघा. उलटसुलट झाली तर एक पाकळी काळी आणि एक निळी दिसते.

हेडबोमध्ये राशीची खूण एकच: गाठीखालून तिरका गेलेला बाण. १३ सेंमी पुरे. ३ मिमी जाडीची बांबूची काडी सोनेरी रंगवा, टोकाला फेल्टचा त्रिकोण, मागे फेल्टची पिसं. धातूचं टोक नको, गर्दीच्या गाडीत शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ते येतं. काडी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधा. एकाच ठिकाणी बांधली तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. बाणाचं टोक आणि किटलीची तोटी एकाच दिशेला हवी. जुन्या चित्रांत धनुर्धर वृश्चिकेच्या हृदयावर, म्हणजे ज्येष्ठा ताऱ्यावर नेम धरतो आणि तोटीही त्याच बाजूला आहे.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर हेडबो तोला. ७० ग्रॅमच्या पुढे गेला की हेअरबँड मागे सरकायला लागतो. मग बँडच्या आतून दोन बाजूंना लहान कंगवे शिवावे लागतात.

रंग: निळा, हस्तिदंती, सोनेरी. बस. पिवळा फक्त तोटीच्या मण्यात आणि हवाच असेल तर शेपटीच्या आतल्या बाजूला. धनुचा स्वामी दोन्ही पद्धतींत गुरूच, आणि आपल्याकडे गुरूचा रंग पिवळा, खडा पुष्कराज. ते तेवढ्यावरच राहू द्या. धातू सगळा सोनेरी. बकल सोनेरी आणि कानातलं चंदेरी असं झालं की नक्षत्रावरची जर एकाकी पडते.

जेएसके बिनछापाची आहे हे फार बरं आहे. अँजेलिक प्रिटीच्या 'मिल्की प्लॅनेट'सारख्या ग्रहताऱ्यांच्या छापावर हे रोझेट लावलं असतं तर आठ मणी शेकडो ताऱ्यांत हरवले असते. नक्षत्राला काळोख लागतो.

आणि खुणा किती? किटली एक, बाण एक. तिसरी हवीच असेल तर ती अशी ठेवा की जवळ आल्याशिवाय दिसणार नाही, उदाहरणार्थ ब्लाउजच्या मनगटाचं एक बटण बदलून किटलीच्या आकाराचं. राशीचं चिन्ह असलेलं पेंडंट, घोड्याच्या नालेची अंगठी, धनुष्याचं टायपिन, हे सगळं काढून ठेवा. सोंग वाटायला लागतं ते इथेच. खूण वाईट असते असं नाही, एकच गोष्ट पाच वेळा सांगितली जाते.

---

निळीकिनार

खूप खूप आभार, आज आलेखकागदावर किटली काढली आणि ती खरंच ओतताना दिसते!

अजून थोडं. पांढऱ्या टाइट्सवर पोटरीला तीच किटली काढली तर? मणी शिवण्याऐवजी चिकटवले तर चालतील का? आणि तोटी 'उजवीकडे' म्हणजे माझ्या उजवीकडे की बघणाऱ्याच्या?

बरोबर येणाऱ्या दोघी मीन आणि मकर आहेत, एक तिसरी सिंह. त्यांच्याकडे शिवायला फार वेळ नाही.

---

टाचणी

मखमलीवर चिकटवू नका. ग्लूगनचा गोंद लवेच्या टोकांना धरतो, कापडाला नाही. वरून घट्ट वाटतं, पण मणी लवेसकट उपटून येतो. शिवाय थंडीत तो गोंद कडक होतो आणि डिसेंबरात बाहेर पडल्यावर टकटक सुटतो. इस्त्रीने बसणारे खडे मखमलीला त्याहून वाईट, इस्त्रीखाली लव कायमची बसते. चिकटवायचंच असेल तर सपाट सॅटिनवर, ई-६००० सारख्या गोंदाने, खिडकी उघडी ठेवून, आणि पुरा एक दिवस हात न लावता.

टाइट्सवर किटली करू नका असं म्हणेन. बाण आणि किटली झाली आहे. तरी करायचीच असेल तर मणी नकोत: चालताना ते पेटीकोटच्या ऑर्गंझात अडकतात, आणि ऑर्गंझाचा एक धागा ओढला गेला की पूर्ण पट्टीला सुरकुती पडते. कापडाच्या रंगाने नुसते आठ ठिपके काढा, तेही पोटरीच्या बाहेरच्या बाजूला. गुडघ्याजवळ आकृती फाकते. टाइट्स सपाट ठेवून रंगवल्या तर घातल्यावर रंगाला तडे जातात. जाड पुठ्ठ्याची नळी पोटरीच्या घेराएवढी करून त्यावर ताणा, मग रंगवा, आणि वाळेपर्यंत काढू नका.

---

कृत्तिका_७

उजवीकडे म्हणजे बघणाऱ्याच्या. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की तोटी उजवीकडे, पश्चिमेला असते. वर टाचणीने दिलेले आकडे त्याच दृष्टीचे आहेत, तेव्हा कागदावर जसं दिसतं तसंच कापडाच्या सरळ बाजूवर उतरवा. उलटं होण्याच्या जागा दोन: इस्त्रीने उमटणारा छाप वापरला तर आकृती आरशासारखी फिरते, आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात तपासलं तर बरोबर असलेली चुकीची वाटते. मागच्या कॅमेऱ्याने तपासा.

आता तिघी.

मीन. नुसते दोन मासे लावू नका. जुन्या चित्रांत ते एका दोरीने बांधलेले असतात आणि दोरीच्या गाठीलाही एक तारा आहे, अल्रेशा, अरबीत अर्थ दोरीच. लोलितेजवळ दोरी आयतीच असते: जेएसकेचे कमरेचे बंद. मागे बो बांधला की दोन टोकं लोंबतात. प्रत्येक टोकाला लहान मासा अडकवा, तोंडं वेगवेगळ्या दिशांना, आणि बोच्या गाठीवर एक मोती. शिवण जवळजवळ नाही, लहान क्लिपाच पुरतात. मासे हलके घ्या, पोकळ किंवा फेल्टचे. धातूचे जड मासे बो खाली ओढतात आणि तासाभरात गाठ सुटते.

मकर. युरोपात हा पुढून बोकड आणि मागून मासा. आपल्याकडे मकर हा जलचर, सोंडेचा, मगरीच्या जबड्याचा, देवळातल्या तोरणांवर आणि मकरमुखी तोड्यांवर दिसतो तो. मराठी मुलीने इथे आपला मकर आणला तर तो नुसता चालेल असं नाही, शोभून दिसेल. सोनेरी मकरमुखी तोडा लोलिताच्या लेसच्या मनगटपट्टीवर, एकाच हातात. लेस तोड्याच्या खालच्या बाजूला यायला हवी. तोंडांचे कंगोरे लेसवर आले तर तिची जाळी धरतात. रंग बाटलीहिरवा किंवा तपकिरी, ढंग क्लासिक. गोड गुलाबीत तो तोडा उपरा वाटेल.

---

लिंबूकळी

सिंहवालीसाठी मी सांगते, कारण ती सगळ्यात सोपी आहे आणि बहुतेक जणी तिथेच सिंहाचं डोकं छापून मोकळ्या होतात. बॉनेट घ्या. चेहऱ्याभोवतीची झालर म्हणजेच आयाळ. तयार बॉनेटच्या आतल्या कडेला मधाच्या रंगाची दुसरी झालर टाचायची. कड साधारण ६० सेंमी असेल तर झालरीला दीड मीटर, म्हणजे अडीचपट. दुपटीच्या खाली गेलं की आयाळ नाही, नुसती किनार वाटते. झालर ऑर्गंझाची असेल तर कपाळावर येणाऱ्या कडेला रिबीन लावा, नाहीतर ऑर्गंझा टोचतो. हनुवटीखालच्या बोवर एक पांढरा खडा ठेवा. तो मघा, सिंहाचं हृदय.

कोणी मेषवाली असेल तर तिलाही शिवण लागत नाही. विगमधल्या दोन्ही बाजूंच्या गुंडाळ्या बटा कानावर वळवून पिनांनी बसवल्या की शिंगं तयार. फक्त उष्णतेला टिकणारा धागा आहे का ते विगच्या पाकिटावर बघून मगच गरम रोलर लावा.

बकरम यांच्याशी एका बाबतीत मत जुळत नाही. हस्तिदंती ब्लाउजवर सोनेरी जर आणि तपकिरी बूट, यात निळी मखमल एकटी पडेल असं वाटतं. हेडबोला तरी हस्तिदंती लेसची एक पट्टी द्या, म्हणजे ब्लाउजचा रंग वरही दिसेल. ३ सेंमी रुंद सुती लेस, पाकळीच्या कडेला आतून, फक्त १ सेंमी बाहेर डोकावेल अशी.

---

बकरम_आणि_लेस

लेसचं पटलं. मग तीच लेस रोझेटच्या रिबिनीमागेही फिरवा, म्हणजे वर आणि मधे तोच रंग येईल. लांबी ५० सेंमी, चुण्या नकोत, नुसता धावदोरा घालून हलकी गोळा करा. चुण्यांवर चुण्या आल्या की रोझेट जाड होतं आणि कोटाखाली दबून मणी मखमलीत रुततात.

कोटाचा विषय निघालाच आहे तर: डिसेंबरात वर कोट असणार. रोझेट घालून कोट चढवू नका. कडक डब्यात, मणी वर करून, खाली टिश्यूची गादी देऊन न्या आणि पोचल्यावर लावा. हेडबोचा बाण काढता आला तर उत्तम, म्हणून दोन टाक्यांऐवजी गाठीच्या मागे दोन लहान दोऱ्याच्या कड्या करा आणि काडी त्यातून सरकवा. कड्या काडीपेक्षा किंचित तंग हव्यात.

---

निळीकिनार

कड्याच करते. तोटीचा पिवळा मणी २ मिमीचा घ्यायचा असं लिहिलंय, पण असाकुसाबाशीच्या मण्यांच्या दुकानात पाहिला तो गडद पिवळा मखमलीवर दोन हातांवरूनच दिसेनासा होतो. ३ घेऊ का?

---

टाचणी

माप वाढवू नका, मणी बदला. गडद पिवळा पारदर्शक मणी काळसर कापडावर मागचा रंग पितो. आतून चंदेरी मुलामा असलेला फिका पिवळा घ्या, भोकात चकाकी दिसते तो. आणि तो शिवायला निळा दोरा वापरू नका, पांढरा वापरा. एवढ्या लहान मण्यात दोऱ्याचा रंग आतून दिसतो.